भारतनं बोललेली वाट

भाऊबीजेला बहीण काय मागेल याचा भरवसा नसतो, हे भारतला ठाऊक होतं. पण आक्कानं ओवाळून ताट बाजूला ठेवलं आणि जे मागितलं, ते ऐकून त्याच्या तोंडातली करंजी तोंडातच राहिली. साडी नको म्हणाली. पैसे तर नकोच. "मला येकदा मोरदऱ्यात ने," ती म्हणाली, "उजेड हाय तवर."

उजेड म्हणजे दिवसाचा नव्हे, तिच्या डोळ्यांचा. आक्का, म्हणजे झुंबरबाई, ही भारतची थोरली बहीण, साठी ओलांडलेली, वडीगोद्रीला दिलेली. साखरेनं तिच्या डोळ्यांच्या पडद्यांचं वाटोळं केलं होतं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, आणि शेवटी डॉक्टरनं तिच्या लेकाला, कल्याणला, बाजूला घेऊन सांगितलं की आहे ते जपा, पुढच्या दिवाळीचं मी सांगत नाही. डॉक्टरला वाटलं बाईला ऐकू गेलं नाही. आता डोळे अधू झाले म्हणून कान का अधू होतात? तिनं सगळं ऐकलं आणि गाडीत येऊन बसली. लांबचं तिला आता नुसतं धुरकट दिसायचं. समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळायचं. डोळ्याला चिकटवून धरलेलं, मोठं आणि झगझगीत असलं तर मात्र थोडंफार लागायचं.

"नेतो की," भारत म्हणाला.

"अन् वाट बोलशील?"

त्यावर भारतनं नुसती मान हलवली, मग तिला मान दिसत नाही हे ध्यानात येऊन घाईनं "बोलीन" म्हणाला.

वाट बोलणं ही तिकडच्या शेरडं राखणाऱ्या पोरांची रीत. हसनाबादच्या, म्हणजे त्यांच्या गावाच्या, वरच्या अंगाला जे डोंगर आहेत त्यात मोरदरा. दिवस कलला की पोरं शेरडं घेऊन दऱ्यातून खाली उतरायची. सगळ्यांत मोठं पोर पुढं. पायाखाली जे येईल ते त्यानं मोठ्यानं बोलायचं. धोंडा. काटा. घसरण. उजवीकडं खोल. मागच्यानं तेच ऐकून त्याच्या मागच्याला सांगायचं. पुढं आक्का असायची आणि तिच्या परकराचा काठ धरून तिच्या मागं भारत. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, घरात खायची बोंब होती, आणि भारतला दिवस मावळला की दिसायचं बंद व्हायचं. रातांधळं म्हणायचे त्याला. आक्का त्याला शेवग्याचा पाला खाऊ घालायची, गावात कुठं बकरं कापलं तर काळजाचा तुकडा मागून आणून भाजून द्यायची. पुढं ते रातांधळेपण गेलं. पण तोवर भारत त्या डोंगरातून रोज उतरला तो डोळ्यांनी नाही, आक्काच्या तोंडानं. ती धोंडा म्हणाली की पाय उचलायचा, खोल म्हणाली की जागच्या जागी थांबायचं. एकदाही पडला नाही. अशा बहिणीला नाही म्हणायला माणूस दगडाचा पाहिजे.

आता खरी गोम अशी की भारत स्वतः मोरदऱ्यात कित्येक वर्षांत गेला नव्हता. सातवीत शाळा सुटली, शेरडं सुटली, मग भोकरदन-जालना रस्त्यावर काळीपिवळी चालवण्यात अर्धं आयुष्य गेलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जीप विकून तो कपाशीकडं वळला. डोंगर रोज दिसायचा, पण लांबून, घरच्या भिंतीवरच्या देवाच्या फोटोसारखा. असतोच म्हणून कुणी बघत नाही. तेव्हा आक्काला न्यायच्या आधी वाट कशी आहे ते बघून यावं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेला.

आणि बघून त्याचं डोकं फिरलं.

पायथ्याला जिथून पाऊलवाट चढायची तिथं झटक्याची तार. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून लावलेली, मशीन आपलं टिकटिक करतंय. त्याच्या बाजूला बाभळीला भोंगा टांगलेला, आत मेमरी कार्ड, त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं. वर मोबाईलचा टॉवर. टॉवरपर्यंत सामान न्यायला जेसीबीनं डोंगराची बाजू खरवडून मुरमाचा रुंद रस्ता केलेला. ज्या वाटेवर एकेक धोंडा त्याला नावानिशी माहीत होता, ती वाटच नाही. पळसाची बनं नाहीत. दऱ्यातला झिरा, जो उन्हाळ्यातसुद्धा करंगळीएवढा वाहायचा, तो नाही. खाली बोअरवर बोअर झाले, पाणी कुठून येणार? त्याऐवजी सपाटीला शेततळं, निळी पन्नी अंथरलेलं. सीताफळीची झाडं होती ती कुंपणाच्या आत गेली आणि फळं व्यापाऱ्यानं आधीच उतरवून नेली. एका धावड्याच्या खोडाला पट्ट्यानं बांधलेली कॅमेऱ्याची डबी दिसली. बिबट्या फिरतोय म्हणे, त्याचा फोटो काढायला. भारत डबीसमोर उभा राहिला आणि तिला त्यानं एक कचकचीत शिवी दिली. बिबट्याच्या जागी आता त्याचाच फोटो निघाला असणार.

शिव्या तरी कुणाकुणाला द्यायच्या? तार चुलतभावाची. पीक खातात जनावरं, तो तरी काय करणार? भोंगा तर भारतनंही मागच्या साली घेतलेला, तोसुद्धा कल्याणच्याच दुकानातून. हा कल्याण, आक्काचा लेक, बदनापूरला कॅमेरे, झटका मशीन, सोलरचे दिवे असलं सगळं विकतो आणि बसवूनही देतो. मामा म्हणून भारतला त्यानं भोंगा कमी भावात दिला होता. शेतातून डुकरं गेली तेव्हा भारतनं त्याला फोन करून शाबासकीही दिली होती. खऱ्या शिव्या द्यायच्या तर आरशात बघून द्याव्या लागल्या असत्या. म्हणून त्यानं टॉवरला दिल्या.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. आक्काचे डोळे जाणार. जाताना त्यात हे टॉवर आणि निळी पन्नी जाणार? बिलकुल नाही. तिला लांबचं दिसत नाही, हे एक देवानं बरं केलं होतं. वाट आपण बोलायची आहे ना? मग आपण बोलू ती वाट. झिरा वाहतोय म्हटलं की वाहतोय. तिच्या मनातला मोरदरा जसाच्या तसा तिच्यापाशी राहिला पाहिजे, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी खोटं बोलावं लागलं तर त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. भोकरदनच्या बाजारातून त्यानं चार मोठी सीताफळं आणली आणि गुपचूप पिशवीच्या तळाशी ठेवली.

ठरवणं सोपं होतं. निस्तरणं कसं असतं ते पुढं कळलं.

त्याच्या मनात दोघांनीच जायचं होतं. पण आईला गाडीशिवाय कसं नेणार म्हणून कल्याण आला, आणि कल्याण निघाला म्हणून त्याची लेक अर्पिता निघाली. ती संभाजीनगरला कॉलेजात, दिवाळीला घरी आलेली. पोरगी गुणाची, आजीवर जीव टाकणारी, पण मोबाईल हाताला जन्मापासून चिकटलेला. भारतनं निघतानाच बजावलं की तिथं मोबाईल पिशवीतून काढायचा नाही. कल्याणनं ताबडतोब सांगितलं की मामा, माझ्या दोन साइट चालू आहेत, मला बंद ठेवता येत नाही. अर्पिता बरं म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन मात्र उघडीच राहिली.

गाडी हसनाबाद सोडून कच्च्या रस्त्याला लागली तशी कल्याणनं मोबाईलवर नकाशा लावला. मोरदऱ्याला मोबाईलवर नाव नव्हतं, म्हणून त्यानं टॉवरची जागा टाकली. भारतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं उभी हयात या रस्त्यांवर जीप चालवली, तो शेजारी बसलेला असताना नकाशातली बाई सांगणार डावीकडे वळा! आणि वळलेही. बाईनं त्यांना खडी क्रशरच्या दारात नेऊन उभं केलं आणि तुम्ही पोचलात म्हणून मोकळी झाली. भारत काही बोलला नाही. न बोलण्यातसुद्धा त्यानं जे काही बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मग कल्याणनं मुकाट्यानं गाडी मागं घेतली.

पायथ्याशी उतरल्यावर कल्याण सहज बोलून गेला की गाडी वरपर्यंत जाते की, रस्ता मस्त आहे. भारतनं त्याच्या पायावर पाय दिला आणि डोळे वटारले. कल्याणला काही उमगलं नाही, पण पाय दुखला म्हणून तो गप्प बसला. आक्कानं पदर खोचला, भारतचा हात धरला, आणि म्हणाली, "बोल."

समोर जेसीबीनं केलेला सपाट मुरमाचा रस्ता. त्यावर बोलायचं तरी काय? भारतनं एकदा आजूबाजूला बघितलं आणि जुन्या आठवणीतला पहिला धोंडा तिच्या पायापुढं आणून ठेवला.

"धोंडा."

आक्कानं पाय गुडघ्याएवढा उचलला आणि सपाट रस्त्यावर नसलेला धोंडा ओलांडला. तिच्या तोंडावर हसू आलं. "कासव्या धोंडा ना?" तिनं विचारलं. भारत म्हणाला, हो, तोच. मग काटा आला, घसरण आली, बोरीची फांदी आली म्हणून दोघंही वाकले. रुंद रस्त्याच्या मधोमध दोन म्हातारी माणसं हवेला वाकताहेत, हवेत पाय टाकताहेत. मागून येणाऱ्या बापलेकींनी एकमेकांकडं बघितलं. अर्पितानं काही विचारायला तोंड उघडलं तर भारतनं मागं वळून असं बघितलं की तिनं ते मिटलं. पण तिला ते पटलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आणि मेल्या त्या भोंग्याला तेव्हाच सुरू व्हायचं होतं. कुत्री भुंकायला लागली. आक्कानं विचारलं की एवढी कुत्री कुणाची? भारत म्हणाला, धनगरांचा वाडा बसलाय खालच्या रानात, त्यांची. आक्काला बरं वाटलं. धनगर येतात अजून, म्हणाली. पण कार्ड संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाजतं. तीच कुत्री, त्याच क्रमानं, मधलं एक त्याच ठिकाणी केकाटलं. मग त्याच भोंग्यातून एक माणूस हुर्रर्र करून ओरडला आणि बंदुकीचे बार झाले.

"हे काय रे?"

"फटाके," भारत म्हणाला. "दिवाळी हाय ना."

आक्का थोडं थांबली, कान देऊन ऐकलं, आणि पुन्हा पाय उचलला. भारतला घाम फुटला होता. चढाचा नव्हे. खोटं बोलायला एवढे कष्ट पडतात हे त्याला काळीपिवळी चालवताना कधी जाणवलं नव्हतं, आणि तिथं तर तो पोलिसांसमोर रोज बोलायचा.

तरी तो बोलत राहिला. डावीकडं पळस आहेत, अजून फुलायला वेळ आहे. हिवराच्या शेंड्यावर मोर बसलाय, लांबडा पिसारा, पण तू बोललीस की उडेल, गप राह्य. खाली झिरा चमकतोय. आक्का विचारायची आणि तो सांगायचा, आणि सांगता सांगता एक वाईट गोष्ट व्हायला लागली. त्याला स्वतःलाच ते दिसायला लागलं. पळस दिसले, झिऱ्याकाठचं ओलं गवत दिसलं, आणि पुढच्याच वळणाला टॉवर समोर आला की कुणी थोबाडीत मारावी तसं व्हायचं. डोंगर एकदा गेला होता तो त्याला माहीत नसताना गेला होता. आता तो दर वळणाला त्याच्या देखत जात होता, आणि सांगायची सोय नव्हती.

वर सपाटीला एक रुंद खडक आहे. पोरं त्याच्यावर बसून भाकरी खायची. खडक तेवढा कुणी नेला नव्हता. भारतनं आक्काला त्याच्यावर बसवलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा एक खरी गोष्ट सांगायला मिळाली आणि ती त्यानं दोनदा सांगितली. आक्कानं खडकावर हात फिरवला, शेरडं मीठ चाटायची तो खळगा बोटांनी शोधला, आणि बोटं तिथंच ठेवून बसून राहिली. भारतला वाटलं, जमलं. झालं आपलं काम. आता भाकरी खायची आणि खाली उतरायचं.

भाकरी झाल्यावर त्यानं पिशवीच्या तळातून सीताफळ काढून तिच्या हातात दिलं, आत्ताच तोडलं म्हणून. आक्कानं ते उकललं, खाल्लं, बिया तळहातावर घेऊन चाचपल्या.

"बिया लई कमी हायेत," ती म्हणाली. "आपल्या सीताफळात नुसत्या बियाच असायच्या."

"सुधरली झाडं आता," भारत म्हणाला. अर्पिता दुसरीकडं बघायला लागली.

एवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. मैत्रिणीचा होता. टॉवरच्या मुळाशी बसलेले ते, आवाज कसा घंटेसारखा खणखणीत. आक्काला नवल वाटलं की मोरदऱ्यात रेंज? भारतनं घाईघाईनं फोन बंद करायला लावला. पण फोन हातात आलाच होता, आणि आक्कालाच हौस आली. "अर्पे, माझा न् भारतचा येक फोटो काढ," ती म्हणाली, "परत यायची न्हाई मी इथं."

याला नाही कसं म्हणणार? भारतनं अर्पिताला खुणेनं सांगितलं की कपारीच्या बाजूनं काढ, मागं नुसता दगड येऊ दे. अर्पितानं कपारीकडून बघितलं, तर उन्हाच्या उलट बाजूला तोंडं काळी येत होती. तिनं दोघांना वळवलं. भारत पुन्हा वळला. तिनं पुन्हा वळवलं आणि काढूनही टाकला. पोरीचं काय चुकलं? ती आजीचा चांगला फोटो काढत होती. मग घरी जसं करायची तसं तिनं केलं. औषधाच्या पाकिटावरची अक्षरं असोत की लग्नाची पत्रिका, फोटो काढायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, उजेड पूर्ण वाढवायचा आणि फोन आजीच्या डोळ्याशी धरायचा. आक्का आता जगातलं बारीकसारीक सगळं असंच बघायची. भारत "राहू दे, घरी जाऊन बघ" म्हणेपर्यंत फोन तिच्या नाकाला लागला होता.

आक्कानं बराच वेळ बघितलं. एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्यानं.

"माझ्यामागं हे काय उभं हाय?"

मग अर्पिता हळूच म्हणाली, "टॉवर आहे, आजी."

"अन् हे निळं?"

"शेततळं."

आक्कानं फोन खाली घेतला नाही. सगळीकडून दाव, म्हणाली. अर्पितानं मामाआजोबांकडं बघितलं. भारतनं हात टेकले होते. पोरीनं फोन चारही बाजूंनी फिरवला, लांबचं जवळ आणलं, आजी विचारेल त्याचं नाव सांगितलं. कुंपण. रस्ता. कॅमेरा. झिरा कुठं आहे विचारल्यावर ती म्हणाली की आजी, मला झिरा दिसत नाहीये. एका फोननं दोन मिनिटांत भारतचा सगळा डोंगर जमीनदोस्त केला. घ्यावा तो फोन आणि फेकावा दऱ्यात, असं त्याला वाटलं.

"भारत," आक्का म्हणाली, "येताना धोंडे व्हते का वाटंला?"

भारत पिशवीचे बंद आवळायला लागला.

"व्हते का न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी काय वलांडून राह्यले व्हते? गुडघे फुटायला आलेत माझे."

तेव्हा मात्र भारतचा बांध फुटला. सकाळपासून, खरं तर परवापासून जे आत कोंडलं होतं ते सगळं बाहेर आलं. तो टॉवरवर घसरला, चुलतभावावर घसरला, भोंग्यावर, नकाशातल्या बाईवर, कल्याणच्या दुकानावर, आणि अर्पितालाही बोलला, जिचा काही गुन्हा नव्हता. इथं काय ठेवलंय या लोकांनी बघण्यासारखं, म्हणाला. कुत्र्याचं भुंकणंसुद्धा डबीत भरलंय. कल्याण मध्ये काही म्हणायला गेला तर त्याला गप्प केलं. आणि शेवटी आक्काकडं वळून त्यानं जवळजवळ ओरडूनच विचारलं, "मंग काय सांगू तुला? हे सांगू? तुझे डोळे चाललेत, अन् मी त्यात टॉवर भरू?"

आक्का त्याचं सगळं होईपर्यंत थांबली. ती रडली नाही, हे भारतला सगळ्यात जास्त लागलं. ती चिडलेली होती. लहानपणी शेरडू चुकवून आल्यावर चिडायची तशी.

"जुना मोरदरा माझ्यापाशी हायेच रे," ती म्हणाली. "त्यो काय डोळ्यानं दिसतो व्हय? डोळे गेल्यावरबी त्यो दिसनारच हाय. मी आले व्हते ते आत्ताचं बघाया. आत्ताचं मला येकदाच दिसनार व्हतं, अन् तू ते झाकून माझंच मला दावून राह्यला." मग म्हणाली, "तुला दिसत नव्हतं तवा मी कवा खोटी वाट बोलले का?"

वारा सुटला होता आणि टॉवरच्या कुठल्याशा पत्र्याचा खडखड आवाज येत होता. भारतला वाटलं आक्का आता उठेल आणि कल्याणचा हात धरून खाली जाईल, आणि तिनं तसं केलं असतं तर बरंच झालं असतं. पण ती जागची हलली नाही. "बोल आता," म्हणाली. "काय काय हाय ते बराबर बोल."

मग भारतनं बोलायला सुरुवात केली. टॉवर. किती उंच, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, वडाच्या चौपट. वर काय आहे? ढोलांसारख्या गोल पांढऱ्या डब्या आहेत. शेततळं, त्याची पन्नी एका कोपऱ्यात फाटली आहे. पाणी आहे का? आहे, हिरवं. त्यात काही पाखरू? भारतनं डोळे बारीक करून बघितलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की परवा त्यानं नुसत्या शिव्या दिल्या होत्या, बघितलं काहीच नव्हतं. काठाला दोन टिटव्या होत्या. त्यानं तेही सांगितलं. आक्का प्रत्येक गोष्ट खोदून विचारत होती, नव्या नवरीचं घर बघायला आलेल्या बाईसारखी, आणि तिला त्यात रस वाटतोय याचाच भारतला राग येत होता. डोंगराच्या मढ्यावरचे दागिने मोजतेय ही, असं त्याच्या मनात आलं. पण तो सांगत राहिला. कुठंच काही गाळलं नाही. भोंग्याचंही सांगितलं, आणि तसाच एक आपल्याही शेतात आहे हेसुद्धा सांगितलं. कल्याण मान खाली घालून ऐकत होता.

सगळं सांगून झालं. आता तरी उठावं म्हणून भारतनं हात पुढं केला. आक्कानं हात धरला, पण उठली नाही. अर्पिताला म्हणाली की मघाचा फोटो काढ परत. अर्पितानं काढला आणि टॉवर मोठा करायला गेली.

"त्यो न्हाई," आक्का म्हणाली. "त्यो बघितला. माझ्या बाजूचा मोठा कर."

भारतला ते आवडलं नाही. माझं काय बघायचंय, म्हणाला, चल, ऊन चढून राह्यलंय. पण आक्कानं फोन डोळ्याला लावला होता. त्याचा हात तिनं सोडलेला नव्हता, म्हणून त्याला बाजूलाही होता येईना. ती कपाळ बघत होती की गाल, कुणास ठाऊक. पोरीनं दोन बोटांनी चेहरा आणखी मोठा केला, इतका की भारतला बसल्या जागेवरून स्वतःच्या दाढीचे पांढरे खुंट दिसले.

"मला वाटलं आबा बसलेत माझ्यापाशी," आक्का म्हणाली. आबा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन कैक वर्षं झालेली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "गालं कवा बसली रे तुझी? फोनवर रोज बेस हाय, बेस हाय म्हणून राह्यला."

भारत काहीतरी थट्टेचं बोलणार होता. तोंडावर आलंही होतं. पण तिचा हात त्याच्या हातात होता आणि ती त्याच्याकडं, म्हणजे तो जिथं धुरकट दिसत असेल तिकडं, तोंड करून थांबली होती.

"म्हातारा झालो, आक्का," तो म्हणाला. "लई झालो."